मुळशीच्या तळ्याची अर्धी प्रदक्षिणा

पायी चालणे ही एके काळी गरिबीची खूण मानली जात असे. आज ती चैनीची खूण होऊन बसली आहे. ज्याला काम आहे तो गाडीने जातो, आणि ज्याला सवड आहे तोच पायी निघतो. आमची नऊ जणांची एक मंडळी अशी सवड काढून महिन्यातून एकदा शहराबाहेर पडते. या मंडळीला नाव नाही, घटना नाही, अध्यक्ष नाही आणि वर्गणीही नाही. कदाचित त्यामुळेच तिच्यात अद्याप फूट पडलेली नाही. एक निवृत्त हेडमास्तर, एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, एक विद्युत्-शास्त्राचे इंजिनिअर, एक डॉक्टरीणबाई, बँकेत नोकरी करणारे दोघे बंधू, कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुली आणि प्रस्तुत वक्ता, असा हा नवग्रहांचा मेळा आहे. आमचा नियम एकच : ज्या वाटेने जावयाचे त्या वाटेची थोडी माहिती प्रत्येकाने घरून वाचून यावी, म्हणजे विश्रांतीच्या वेळी नुसता चिवडा खाण्यात काळ जात नाही.

गेल्या मे महिन्यात मुळशीच्या तळ्याभोवती फिरून यावे, अशी सूचना मी केली. मंडळींना ती सूचना थोडी विचित्र वाटली. मुळशीला लोक जातात ते पावसाळ्यात. डोंगरावरून धबधबे कोसळत असतात, ढग सडकेवर उतरलेले असतात, आणि कणसे भाजणाऱ्यांच्या शेगड्या ठिकठिकाणी पेटलेल्या असतात. मे महिन्यात तेथे काय आहे? ऊन, धूळ आणि ओसरलेले पाणी. परंतु मला नेमके ते ओसरलेले पाणीच पाहावयाचे होते. त्याचे कारण मी त्या वेळी फक्त हेडमास्तरांना सांगितले होते. आपल्याला ते ओघाने सांगणारच आहे.

पुण्याहून पश्चिमेस पौडची सडक धरली म्हणजे तासा-दीड तासात मुळशीचे धरण दिसू लागते. मुळा आणि निळा या दोन नद्यांच्या संगमाजवळ ही दगडी भिंत उभी आहे. तिची लांबी सुमारे दीड किलोमीटर आणि पायापासूनची उंची सुमारे ४९ मीटर. १९२७ साली हे काम पुरे झाले. भिंतीच्या मागे पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या अगदी कड्यापर्यंत, डोंगरांच्या सोंडांमधून हातापायांची बोटे पसरावी तसे पाणी पसरलेले आहे. नकाशात हे तळे पाहिले तर ते तळे न वाटता एखादे झाड आडवे पडले आहे असे वाटते. जेथे जेथे ओढा होता, तेथे तेथे त्याची एक फांदी आहे.

धरणावर जाण्यास परवानगी नसते, आणि आम्ही ती मागितलीही नाही. सकाळी साडेसहाला एस.टी.तून उतरून आम्ही दक्षिणेच्या काठाने चालू लागलो. तळ्याच्या काठाची बरीच जमीन कंपनीच्या हद्दीत आहे, तेथे सडकेने जावे. जेथे मोकळीक असेल तेथे पाण्याजवळून, असा बेत होता. ताम्हिणीस मुक्काम करावयाचा आणि दुसऱ्या दिवशी पश्चिमेच्या टोकाला वळसा घालून कैलासगडाखाली सहल संपवावयाची. म्हणजे तळ्याला पुरती प्रदक्षिणा नव्हे, अर्धीच. त्यावर हेडमास्तर म्हणाले, "योग्यच आहे. शंकराच्या देवळात सोमसूत्र ओलांडायचे नसते. जेथून पाणी बाहेर पडते तेथून परत फिरावे."

पाणी बाहेर पडते, या शब्दांवर आमचे इंजिनिअर थांबले. मुळशीचे पाणी बाहेर पडते ते भिंतीच्या बाजूने नव्हे, असे त्यांनी आम्हांस समजावून दिले. आणि ही गोष्ट आपल्यापैकी ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्याकरिता मीही थोडक्यात सांगतो. मुळा ही पूर्ववाहिनी नदी. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस घेऊन ती पुण्यास येते, मुठेला मिळते, भीमेत जाते, भीमा कृष्णेत जाते, आणि अखेर हे पाणी बंगालच्या उपसागरास पोहोचते. समुद्र पश्चिमेस अगदी जवळ दिसत असताना या नदीने शेकडो कोसांचा पूर्वेचा प्रवास पत्करला आहे. धरण बांधणाऱ्यांनी या नदीचे तोंड फिरविले. भिंतीने अडविलेले पाणी तळ्याच्या पश्चिम टोकाकडून डोंगराच्या पोटातून नेऊन नळांवाटे कोकणात सोडले जाते. तेथे, पूर्वीच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यात, भिरा येथे वीजघर आहे. सुमारे पाचशे मीटर खाली कोसळलेले ते पाणी तेथील चक्रे फिरविते, वीज मुंबईस जाते, आणि काम संपलेले पाणी कुंडलिका नदीतून कोलाड, रोहा या गावांवरून रेवदंड्याजवळ अरबी समुद्रास मिळते. कोलाडला हल्ली लोक सकाळच्या वेळी रबरी होड्यांतून वाहत्या पाण्याची मौज लुटण्यास जातात. ते पाणी म्हणजे वीजघरातून सुटलेली ही मुळाच होय. बिचारीला आता स्वतःचे नावही उरलेले नाही.

अशी युक्ती टाटांच्या कंपन्यांनी सह्याद्रीत तीन ठिकाणी केली. प्रथम लोणावळ्याच्या तळ्यांवर खोपोलीचे वीजघर निघाले, १९१५ साली. त्यानंतर आंध्र नदीच्या खोऱ्यातील पाण्यावर भिवपुरीचे निघाले, आणि तिसरे हे मुळशीचे. मुंबईच्या गिरण्यांना त्या काळी कोळसा लागे. तो दुरून आणावा लागे, महाग पडे, आणि त्याच्या धुराने गिरणगावचे आकाश काळे होई. डोंगरावर फुकट पडणाऱ्या पावसातून धुरावाचून शक्ती निर्माण करावयाची ही कल्पना भव्य होती, यात शंका नाही. आमच्या इंजिनिअरांचे डोळे ती सांगताना चमकत होते, आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. मनुष्याने निसर्गाशी केलेल्या अशा करारांत एक प्रकारचे काव्य असतेच. प्रश्न एवढाच, की त्या करारावर सह्या कोणाच्या होत्या.

आठच्या सुमारास आम्ही सडक सोडून पाण्याकडे उतरलो. मे महिन्यात तळ्याच्या काठाला एक तांबूस पट्टा उघडा पडतो. वर हिरवळ, खाली पाणी, आणि मध्ये हा पट्टा. गेल्या पावसाळ्यापासून वीजघराने प्यालेल्या पाण्याचे ते मापच म्हणा ना. त्यावर चालताना प्रथम वाटते, ही नुसती उघडी माती आहे. मग हळूहळू डोळा स्थिरावतो, आणि मातीत रेघा दिसू लागतात. एकाखाली एक, डोंगराच्या वळणाबरोबर वळलेल्या, हातभर उंचीच्या. प्राध्यापक म्हणाले, "हे भाताच्या खाचरांचे बांध." जवळजवळ शंभर वर्षे दर पावसाळ्यात पाण्याखाली जाऊनही ते बांध विरघळलेले नव्हते. ज्यांनी ते रचले त्यांनी दगड इतका नेमका बसविला होता, की पाण्याला त्यांचे अक्षर पुसता आले नाही.

ही जमीन आंबेमोहराची. मुळशीचा आंबेमोहर तांदूळ आजही नाव राखून आहे. ज्या घरात तो शिजतो त्या घराच्या ओसरीवर पाऊल ठेवताच पाहुण्याला आंब्याच्या मोहराचा वास येतो. मात्र या खोऱ्यातील सर्वांत सकस खाचरे नदीकाठची, म्हणजे आज जेथे पाणी सर्वांत खोल आहे तेथली. वर उरल्या त्या नाचणी-वरईच्या वरकस जमिनी.

थोडे पुढे एका उंचवट्यावर दगडांची चौकट दिसली. कॉलेजातील मुलींपैकी एक त्यातल्या मोठ्या दगडावर बसून डबा सोडू लागली. दगडाच्या मध्यभागी वाटीसारखा गुळगुळीत खळगा होता आणि त्यात पाणी साचले होते. "हे काय आहे हो? देवाचे काही आहे का?" तिने विचारले. डॉक्टरीणबाई जवळ आल्या, खाली वाकल्या, खळग्यातून बोट फिरविले आणि म्हणाल्या, "अगं, ऊठ. हे उखळ आहे. तू कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसली आहेस." मुलगी चटकन उठली. त्यानंतर बराच वेळ कोणी मोठ्याने बोलले नाही. समोरचे जोते होते, डाव्या हाताला एक पायरी होती, आणि पायरीपुढे पाणी.

येथे मला त्या इतिहासाकडे वळले पाहिजे, जो आम्ही सर्वांनी घरून वाचून आणला होता, पण ज्याचा अर्थ त्या उखळापाशी आम्हांला लागला.

त्या वेळी या भागास मुळशी पेटा म्हणत. धरणाच्या योजनेत सुमारे पन्नास गावांच्या जमिनी जावयाच्या होत्या. सरकारने १८९४ चा भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीस दिला. सार्वजनिक कामाकरिता जमीन घेण्याचा जो अधिकार, तो येथे एका खाजगी कंपनीच्या कामी आला. लोकांना जमिनीबद्दल मिळणार होते ते पैसे. जमिनीऐवजी जमीन हा विचारच त्या कायद्यात नव्हता. मावळ्यांनी उत्तर दिले ते तीन शब्दांचे : जान किंवा जमीन. १९२१ च्या एप्रिल महिन्याच्या १६ तारखेस, रामनवमीच्या दिवशी, बायकामुलांसह शेकडो मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव यांसारखी सुशिक्षित माणसे त्यांच्याबरोबर उभी राहिली. येथेच बापटांना लोकांनी सेनापती ही पदवी दिली, आणि ती त्यांना इतकी चिकटली की त्यांचे मूळ नाव पुष्कळांस आठवतही नाही.

काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. धरपकड झाली, शिक्षा झाल्या, पुरुषांबरोबर बायकाही तुरुंगात गेल्या. लढा १९२४ च्या अखेरीपर्यंत रेंगाळत चालला. शेवटी बापटांनी धरणाच्या सामानाची आगगाडी अडविली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. भिंत पुरी झाली तेव्हा ते तुरुंगात होते. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी उभारलेल्या लढ्यांत हा जगातील पहिला, असे या विषयाचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात म्हटले आहे. पहिला असो वा नसो, तो हरला; आणि तो का हरला याची जी कारणे आहेत, त्यांपैकी एक माझ्या घरात होते.

हेच ते कारण, ज्यासाठी मी मुळशीची सूचना केली होती. आमचे पुण्यातील जुने घर पाडण्यास दिले, तेव्हा माळ्यावरील पेटीत मोडी लिपीतील एक वही सापडली. मला मोडी येत नाही, हेडमास्तरांना येते. त्यांनी ती वाचली आणि दोन दिवसांनी गंभीर चेहऱ्याने परत आणून दिली. माझे पणजोबा सावकारी करीत, एवढे मला ऐकून ठाऊक होते. त्यांची कुळे मुळशी पेट्यात होती, हे ठाऊक नव्हते. जमिनी कागदोपत्री पणजोबांच्या. त्या कसणारे मावळे निराळे. वहीत खाचरांची नावे होती, कुळांची नावे होती, खंडीमणांचे हिशेब होते, आणि शेवटच्या काही पानांवर, धरणाबद्दल आलेल्या मोबदल्याची रक्कम होती. त्याच पानावर पुढे वीट, चुना आणि सागवान यांचा खर्च मांडला होता. आमच्या घराचा दुसरा मजला त्या पैशातून चढला. त्या मजल्यावर माझे बालपण गेले. तेथेच विजेच्या दिव्याखाली बसून मी परीक्षांचा अभ्यास केला.

पुण्याच्या अनेक सावकारांनी तसेच केले, हे इतिहासात नमूद आहे. जमिनीचा मालक मोबदला घेऊन मोकळा होण्यास तयार होता, कारण त्याला जमीन म्हणजे आकडा होता; कसणाऱ्याला ती आकडा नव्हती, म्हणून तो तयार नव्हता. आणि कायदा विचारीत होता तो मालकाला. माझ्या पणजोबांनी बेकायदा काही केले नाही. ही गोष्ट मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिली आहे.

दुपारी बाराच्या सुमारास, ऊन असह्य झाल्यावर, पळशाच्या अलीकडे एका आंब्याखाली आम्ही टेकलो. तेथे एक म्हातारे गृहस्थ दोन म्हशी पाण्याला घेऊन आले होते. ऐंशीच्या घरातले असावेत. आम्ही त्यांना बाबा म्हटले. त्यांनी आम्हांला पाणी पाजले आणि आमच्या पोळ्यांच्या मोबदल्यात करवंदांचा द्रोण दिला. त्यांचा जन्म तळे झाल्यानंतर पुष्कळ वर्षांनी, वरच्या वस्तीतला. परंतु काठीने ते पाण्याकडे दाखवून सांगू लागले, तेव्हा आपण एखाद्या गावाच्या वेशीत उभे आहोत असे आम्हांस वाटू लागले.

"त्यो बगळा बसलाय न्हवं, तिथं वड व्हता. वडाखाली चावडी. तिथनं डावीकडं वाट जायची नदीवर. हिकडं समदी आमची खाचरं. ह्ये देवाचं खाचर, त्याच्या खाली थोरलं, त्याच्या खाली पानथळ."

"बाबा, तुम्ही तर पाहिले नाही. मग एवढे कसे सांगता?" धाकट्या मुलीने विचारले.

"आज्यानं दावलं, बापानं दावलं. उन्हाळ्यात पानी खाली गेलं की आजा हितं घिऊन यायचा आन् पुसायचा, ह्ये खाचर कंचं? चुकलं तर पाठीत धपाटा. म्हनायचा, जमीन गेली तर गेली, नाव जाया नगं."

मी खिशातून वहीतील नावांचे टिपण काढले. हेडमास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिले. मी त्या बाबांना विचारले, चिंचेचे खाचर म्हणून एखादे त्यांच्या गावात होते काय? ते हसले. "चिचंचं खाचर हरेक गावात असतंय, दादा. चिच न्हाई आसं गाव हाय का मावळात?"

तेव्हा माझ्या मनातील गोष्ट मी त्यांना सांगून टाकली. वही, पणजोबा, मोबदला, दुसरा मजला, सर्व. ती सांगण्यासारखी जागा होती की नव्हती, मला अजून कळत नाही. सांगताना मला वाटत होते, हे रागावतील; आणि खरे म्हणजे ते रागावावेत अशीच माझी इच्छा होती, कारण रागाने हिशेब थोडा फिटल्यासारखा होतो. ते रागावले नाहीत. काही वेळ म्हशींकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या पनज्याला पैका भेटला, त्याचं घर झालं. चांगलं झालं. आमच्या आज्यावर तवा सावकाराचं रिन व्हतं. जमीन बुडाली, दादा, पर रिन न्हाई बुडालं. आज्यानं मंबईला वझी उचलून त्ये फेडलं."

एवढे बोलून ते उठले, म्हशींना हाक घातली आणि वर निघून गेले. तो सावकार कोण, हे मी विचारले नाही. आज आपल्यापुढे बोलताना कबूल करतो, की विचारावयाचे मला धैर्य झाले नाही.

ताम्हिणीस पोहोचलो तेव्हा दिवस मावळला होता. विंझाई देवीच्या देवळाजवळ आम्ही पथारी पसरली. ताम्हिणी हे महाराष्ट्रातील अतिपावसाचे ठिकाण; पावसाला अजून थोडा अवकाश होता, पण हवेत त्याची चाहूल लागली होती, आणि समोरच्या झाडीत काजवे चमकू लागले होते. प्रथम एक, मग दहा, मग सबंध झाड एकदम पेटावे आणि विझावे, असा तो खेळ चालला होता. अशा प्रकाशात माणसे खरे बोलतात. बँकेतील थोरले बंधू म्हणाले, की हे धरण होऊ द्यावयासच नको होते. इंजिनिअर शांतपणे म्हणाले, "मग मुंबईने काय करावयाचे होते? कोळसा जाळावयाचा? तुमचे घर, तुमची बँक, डॉक्टरीणबाईंचे इस्पितळ, हे सारे कोणत्या ना कोणत्या नदीवर किंवा खाणीवर उभे आहे. ज्याला दिवा हवा त्याने धरणाला शिव्या देऊ नयेत."

हे उत्तर खरे होते, म्हणून कोणाला आवडले नाही. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धरण हवे की नको, हा एक प्रश्न झाला. शस्त्रक्रिया हवी की नको, तसा. पण शस्त्रक्रिया हवी असे ठरले तरी रोग्याला विचारावे लागते, आणि नंतर त्याची शुश्रूषा करावी लागते. येथे विचारले कोणाला, आणि शुश्रूषा केली कोणी?"

इंजिनिअर यावर काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितले, की मुळशीनंतर पन्नास वर्षांनी, १९७६ साली, महाराष्ट्राने प्रकल्पामुळे उठलेल्या लोकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. आणि १८९४ चा तो जुना कायदा रद्द होऊन २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला, ज्यात पुनर्वसन हा संपादनाचाच भाग मानला आहे. म्हणजे मावळे हरले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न हरला नाही. तो कायद्याच्या पुस्तकात शिरण्यास मात्र नव्वदांहून अधिक वर्षे लागली. कायदा पुस्तकातून शेताच्या बांधापर्यंत येण्यास किती लागतील, हे ज्याने त्याने वर्तमानपत्रात पाहावे.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून निवे गावावरून आम्ही वडुस्त्याकडे वळलो आणि ऊन चढण्यापूर्वी कैलासगडाच्या माथ्यावर होतो. गडावर फारसे काही उरलेले नाही; पाण्याची टाकी आणि थोडे अवशेष. पण तेथून तळे दिसते ते मात्र अपूर्व. काल ज्या काठाने आम्ही चाललो तो एखाद्या दोऱ्यासारखा दिसत होता. पाणी निळे, डोंगर करडे, आणि दोहोंच्या मध्ये ती तांबूस किनार. सुंदर, असा शब्द प्रत्येकाच्या ओठांवर आला असावा; पण उच्चारला कोणीच नाही. अखेर धाकटी मुलगी म्हणाली, "सुंदर आहे, हे म्हणायला काय हरकत आहे? त्या बाबांनाही ते सुंदरच वाटत असेल. ते रोज येतात ना." तिचे म्हणणे मला पटले. सौंदर्याने लाजण्याचे कारण नाही; अज्ञानाने लाजावे.

गडावरून उतरताना मला मुंबईतील एक रस्ता आठवला. दादरकडून लोअर परळकडे, रेल्वेच्या कडेने, जो रस्ता जातो त्याला सेनापती बापट मार्ग हे नाव आहे. त्या रस्त्यावर आणि त्याच्या आसपास गिरण्या होत्या. त्याच त्या गिरण्या, ज्यांच्या चक्रांकरिता सह्याद्रीतील नद्यांची तोंडे फिरविली गेली. १९८२ च्या संपानंतर त्या एकामागून एक बंद पडल्या. आज त्यांच्या जागी उंच कचेऱ्या, दुकाने आणि उपाहारगृहे आहेत. म्हणजे ज्या गिरण्यांसाठी गावे बुडाली त्या गिरण्या बुडाल्या. ज्यांनी ती वाचविण्याचा प्रयत्न केला त्यांचे नाव गिरण्यांच्या रस्त्यास मिळाले. आणि तळे आपल्या जागी आहे. भिऱ्याची चक्रे फिरतच आहेत, मुंबईत दिवे लागतच आहेत. काळ असा विनोद करतो, तेव्हा हसावे की नाही ते कळत नाही.

श्रोतेहो, माझे भाषण संपत आले. यातून आपण काय करावे, असे आपण विचाराल. धरण फोडा, असे मी म्हणत नाही. ते म्हणण्याचा अधिकार विजेच्या दिव्याखाली हे टिपण लिहिणाऱ्याला नाही. माझा आवाज आपल्यापर्यंत पोहोचविणारे हे यंत्रसुद्धा कोणत्या तरी नदीचे किंवा खाणीचे ऋणी आहेच. मी एवढेच सुचवितो, की आपण सहलीला जाल तेव्हा एखाद्या तळ्याकाठी सतरंजी पसरण्यापूर्वी तेथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, येथे खाली कोणते गाव होते? मुळशीला विचारा, भाटघरला विचारा, पानशेतला, कोयनेला, उजनीला विचारा. महाराष्ट्रात असे तळे क्वचितच सापडेल, ज्याच्या काठी या प्रश्नाला उत्तर नाही. नाव विचारल्याने जमीन परत मिळत नाही. पण ज्या म्हाताऱ्याने धपाटे खाऊन ती नावे पाठ केली, त्याच्यानंतर ती ठाऊक असणारे आणखी एक माणूस जगात राहते.

परत आल्यावर हेडमास्तरांनी ती वही पुन्हा मागून नेली. त्यातील खाचरांची आणि कुळांची सर्व नावे त्यांनी बालबोध लिपीत स्वच्छ अक्षरात उतरवून काढली आहेत. ऐंशीवर नावे आहेत. पुढच्या मे महिन्यात, पाणी खाली गेले म्हणजे, आमची मंडळी उत्तरेच्या काठाने उरलेली अर्धी वाट चालणार आहे. तो कागद आम्ही बरोबर नेणार आहोत. त्या बाबांचे गाव कोणते, हे आता मला ठाऊक आहे. त्यांच्या आजोबांचा सावकार कोण, हेही या वेळी मी विचारणार आहे.